जिन्यावरची वंशावळ

माझ्या होणाऱ्या जावयाच्या घरात जिन्याच्या भिंतीवर त्यांची वंशावळ टांगलेली आहे. पहिल्या पायरीशी मूळ पुरुष, तिथून पायरीगणिक पिढ्या वर चढत जातात आणि सगळ्यात वर, न्हाणीघराच्या दाराशेजारी, जावई. कातड्याच्या लांबलचक पट्ट्यावर रंगवलेली, सोनेरी वेलबुट्टी काढलेली, एका कडेला ओल धरलेली. मी आणि नवरा पहिल्यांदा ते घर बघायला गेलो तेव्हा त्याच्या आत्याबाईंनी आम्हाला अंगातले कोट काढायच्या आत जिन्यापाशी उभं केलं. कोट काढले नव्हते ते बरंच झालं. त्या घरात बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी असते.

घर आयर्लंडच्या पार पश्चिमेला, केरीत आहे, ट्रली गावाच्या पुढे, एका तळ्याच्या काठाला. आम्ही डब्लिनच्या विमानतळाजवळ, सँट्रीला, विमानांच्या पोटाखाली राहतो. आमच्या फ्लॅटला इतिहास नाही. मुलगी लहान असताना पुण्याहून इथे आलो. ती मराठी सगळं समजते आणि उत्तरं डब्लिनच्या इंग्रजीत देते. हा मुलगा तिला कॉलेजात भेटला. दिलखुलास, लांब हातापायांचा, भाजीत मीठ जास्त झालं तरी दुसऱ्यांदा वाढून घेणारा. त्याचे वडील तो रांगत असताना गेले, आई दुसरं लग्न करून कॅनडाला गेली, आणि त्याला वाढवलं ते या आत्याबाईंनी. स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. घर, दोन म्हातारी कुत्री, भाचा आणि वंशावळ एवढा त्यांचा संसार.

मूळ पुरुषाचं चित्रही जिन्यात आहे. चेहरा साधारण, पण चित्रकाराने बुटांवर मनापासून मेहनत घेतलेली. आत्याबाईंनी सांगितलं की हा इंग्लंडहून इथे ‘आला’. सैन्याबरोबर आला, पगाराऐवजी जमीन मिळाली, आणि त्या जमिनीवर आधी जे होते ते कुठेतरी ‘गेले’. मला हसू आलं, पण मी ते आवरलं. आमचाही मूळ पुरुष कोकणातून घाटावर असाच ‘आला’ आणि त्याला गाव इनाम मिळालं. गावाला काय वाटलं, हे आमच्या कुळवृत्तांतात नाही.

कुळवृत्तांताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी भीती मी तिथून आणली. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर आमच्या कुळाचा इतिहास छापला. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, शिवाय सून, त्यामुळे मुद्रितं तपासायला फुकट सापडले. रविवारी पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये समितीची बैठक बसायची. पोहे खाऊन झाले की कोणाच्या मरणाला काय म्हणायचं यावर खल चालायचा. दारूने गेलेल्याला ‘दिलदार स्वभावाचे’ म्हणायचं ठरलं होतं. वेड लागलेला ‘विरक्त वृत्तीचा’, कर्ज बुडवून पळालेला ‘उत्तरेकडे गेला’. जीव दिला असेल तर ‘पाय घसरून’. एका शाखेत एकामागून एक तीन सुना पाय घसरून विहिरीत पडल्या होत्या. ते पान वाचताना सासरे चष्मा काढून म्हणाले, “तीन सुनांचा पाय एकाच विहिरीत घसरत नाही.” समितीने मान डोलावली आणि मजकूर तसाच छापला. तेव्हापासून कुठलीही वंशावळ समोर आली की मी नावं वाचत नाही, मरणं वाचते.

जावयाकडच्या वंशावळीत प्रत्येक पुरुषाच्या नावाखाली बारीक अक्षरात मरणाचं कारण होतं. जुनी आत्याबाईंच्या आजीने लिहिलेली, अलीकडची त्यांनी स्वतः. त्या पुढे, मी मागे, असे आम्ही जिना चढत होतो. एक बिशप, एक न्यायाधीश, एक सेनापती. एक जण पुण्याच्या छावणीत तापाने वारला होता. तो दाखवताना आत्याबाईंनी माझा हात दाबला, जणू आम्ही तेव्हापासूनचे सोयरे. पण मी त्याच्या शेजारच्याकडे बघत होते. ‘तळ्यात.’ वरच्या पायरीला ‘शिकारीत, घोड्यावरून.’ मग ‘नदीत, पोहायला गेला असता.’ मग परत ‘तळ्यात.’ सगळे तरुण. बिशप आणि न्यायाधीश म्हातारे होऊन मेले, पण त्यांचे भाऊ, पुतणे, धाकटे मुलगे असे मधूनमधून गळाले होते. सर्वात वर, जावयाच्या नावाच्या जरा खाली, त्याचे वडील. ‘तळ्यात.’ अक्षर आत्याबाईंचं होतं आणि त्या एका शब्दापाशी शाई थोडी जास्त टेकली होती.

“आमच्यातले पुरुष अंथरुणात मरत नाहीत,” त्या अभिमानाने म्हणाल्या.

मला वाटलं, मला सगळं कळलं. या घराण्यातले पुरुष जीव देतात आणि हे लोक त्याला तळं म्हणतात, घोडा म्हणतात. उदासी रक्तातून उतरते हे मी वाचलं होतं. गाडीत बसल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तळ्याकाठी राहणारी माणसं तळ्यात बुडणार, वाळवंटात कशी बुडतील? त्याच्या तर्कात चूक नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात घाबरत राहिले.

पुढचे सगळे महिने मी त्या मुलावर नजर ठेवली. आमच्याकडे जेवायला आला की मी त्याला झोप लागते का, भूक लागते का, एकटं वाटतं का, असं आडून आडून विचारायची. तो प्रामाणिकपणे सांगायचा की झोप उत्तम, भूक जास्तच. एकदा खिडकीपाशी जरा शांत उभा दिसला तर मी हातातलं काम टाकून त्याच्यापाशी गेले. तो खालच्या पार्किंगमध्ये एका बाईला गाडी मागे घेता येत नाही ते बघत होता. शेवटी मुलीला एकटीला गाठून विचारलं, हा कधी फार उदास असतो का गं?

“उदास? आई, ही इज द हॅपिएस्ट पर्सन आय नो. ही इज ग्रँड.” ग्रँड म्हणजे इथे छान, मजेत. आणि मग संशयाने, “व्हाय? डोन्ट यू लाइक हिम?”

आवडत होता, हीच अडचण होती.

ऑगस्टमध्ये त्यांचं घराण्याचं संमेलन असतं. दरवर्षी. ऑस्ट्रेलियाहून, कॅनडाहून, इंग्लंडहून त्या आडनावाचे लोक येतात, गळक्या छताखाली बादल्यांच्या मधून वाट काढत झोपतात आणि धन्य होतात. शनिवारी संध्याकाळी वंशावळ जिन्यावरून उतरवून जेवणाच्या टेबलावर पसरतात. आत्याबाई एकेक नाव वाचतात आणि मंडळी टेबलावर मुठी आपटतात. रविवारी सकाळी घराण्यातले पुरुष धक्क्यावरून पोहत तळ्यातल्या बेटाला वळसा घालून येतात, कारण मूळ पुरुष म्हणे तिथवर तलवार दातांत धरून पोहत गेला होता. ती तलवार दिवाणखान्यात आहे. ती दातांत धरायला मगरीचा जबडा लागेल.

त्या वर्षी होणारे व्याही म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. वाचन चालू झालं. प्रत्येक ‘तळ्यात’ला मुठी जरा जोरात पडत होत्या. जावयाच्या वडिलांच्या नावाला मात्र एकही मूठ पडली नाही, आणि आत्याबाई घाईने भाच्याकडे बघून म्हणाल्या की हा अगदी आपल्या बापावर गेलाय. शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत पुढे होता आणि मधेच दगडासारखा तळाला गेला. मास्तरांनी कपड्यांसकट उडी मारून केसाला धरून वर काढला. डोळे उघडले तर विचारतो काय, मी जिंकलो का?

सगळं टेबल हसलं. जावईही हसला, ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असणार.

शर्यतीत पुढे असलेला मुलगा जीव देत नसतो, त्याला जिंकायचं असतं. म्हणजे त्याने काही केलं नव्हतं, त्याला काहीतरी झालं होतं. मी समोरच्या वंशावळीकडे पुन्हा पाहिलं, आणि ती सगळी कारणं होती तशी मला पहिल्यांदाच वाचता आली. पोहताना. दौडताना. पोहताना. या लोकांनी काही झाकलंच नव्हतं. माणूस तळ्यात गेला आणि संपला, त्यांनी लिहिलं ‘तळ्यात’. झाकपाक सगळी माझ्या डोक्यातली होती, पुण्याहून आणलेली. इतके दिवस मी त्याच्या मनाकडे बघत बसले होते आणि तो रोज सकाळी ऑफिसच्या आधी समुद्रात पोहायला जात होता.

जेवण झाल्यावर मुलीला बाजूला घेतलं. तो शर्यतीत बुडाला तेव्हा डॉक्टरने काय सांगितलं? ती म्हणाली, ही हॅडन्ट ईटन ब्रेकफास्ट, आई, एव्हरीवन नोज दॅट स्टोरी. मी म्हटलं, उद्या त्याला पाण्यात जाऊ देऊ नकोस. आधी तू त्याला उदास ठरवलंस, आता आजारी ठरवतेयस, सरळ सांग की तुला हे लग्न नको आहे, असं ती म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, त्यामुळे ते जास्त लागलं.

सकाळी धक्क्यावर गर्दी होती. पाणी सपाट, काळं. पुरुष टॉवेल टाकून कुडकुडत उभे, सगळ्यांच्या डोक्याला घराण्याच्या रंगाच्या हिरव्या टोप्या. मी त्याच्यापाशी गेले. नीट समजावून सांगायला मला शास्त्र येत नव्हतं, आणि अडाण्यासारखं हात धरून ओढायला शिक्षण आडवं येत होतं. मी एवढंच विचारलं की आज नाही गेलास तर चालणार नाही का?

“आई,” तो म्हणाला. माझी मुलगी म्हणते म्हणून तोही मला आईच म्हणतो. “मी गेलो नाही तर ही मंडळी मला चाळीस वर्षं ऐकवतील.”

चाळीस वर्षं. मला ती तिथल्या तिथे कबूल होती.

ते पाण्यात पडले. थोड्या वेळात डोकी लहान झाली आणि मग कोणतं डोकं कोणाचं ते कळेना, सगळ्या टोप्या सारख्या. मुलगी शेजारी उभी राहून फोनवर चित्रीकरण करत होती. मी हिरवे ठिपके मोजायची, एक कमी भरायचा, परत मोजायची, मग तो दुसऱ्याच्या मागून निघायचा. बेटाच्या पलीकडे ते सगळे एकदम दिसेनासे झाले. लोक गप्पा मारत होते, कोणीतरी थर्मासमधून कॉफी ओतत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडायचं ते माहीत नव्हतं. मग बेटाच्या दुसऱ्या बाजूने एक टोपी आली, दुसरी आली. तो चौथा होता. धक्क्याची शिडी चढून वर आला, दात वाजत होते, हसत होता. मी त्याचा टॉवेल दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की त्याला तो माझ्याकडून सोडवून घ्यावा लागला. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी ते पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

काहीच झालं नव्हतं. मी मूर्ख ठरले होते, आणि भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

स्वयंपाकघरात आत्याबाई एकट्या होत्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून पाहुण्यांचे कप काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही धक्क्यावर त्याला मोजत होतात.”

मी हो म्हटलं. आणि मग, लाज वाटून घ्यायला काही उरलंच नव्हतं म्हणून, सगळं सांगितलं. जिन्यावरचं वाचून आधी मला वाटलं होतं की यांनी जीव दिले, हेसुद्धा सांगितलं.

“जीव दिले?” त्या म्हणाल्या. “आमच्यातला एकही पुरुष इतका विचार करणारा नव्हता.”

मग मी विचारलं की जे तळ्यात गेले त्यांना पोहता येत होतं का. सगळ्यांना, त्या म्हणाल्या, आमच्याकडे मुलं चालायच्या आधी पोहतात. तुमच्या भावाला? त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“आजच्यासारखंच पाणी होतं,” त्या म्हणाल्या. “मी काठावर होते. त्याने हाक मारली नाही. हात हलवला नाही. पोहत होता, आणि मग नव्हता. लोक म्हणाले, पायात गोळा आला असेल.”

“गोळा आला तर माणूस ओरडतो,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “तेच मी कोणाला म्हटलं नाही.”

बाहेर मंडळी चहाची वाट बघत होती. आत्याबाईंनी चहा केला नाही. ओल्या केसांनी सॉसेज खात बसलेल्या भाच्यापाशी त्या गेल्या आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सोमवारी ट्रलीला इस्पितळात जायचं, असं त्यांनी सांगितलं. विचारलं नाही. तो हसायला लागला, मग आत्याचा चेहरा बघून थांबला. डब्लिनमधल्या टॅलाच्या इस्पितळात माझी एक मैत्रीण नर्स आहे. रविवारी रात्री मी तिला फोन केला तेव्हा तिने बजावलं की नुसती तपासणी करा म्हणू नका, घराण्यात कोण कसं गेलं ते सगळं सांगा. म्हणून आत्याबाई इस्पितळात वंशावळ घेऊन गेल्या. गुंडाळी करून, काखेत मारून, शेजारी भाचा.

हृदयाचा आलेख काढला, मग आणखी तपासण्या झाल्या, रक्त कुठे कुठे पाठवलं. त्यात बरेच आठवडे गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजेल असं सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयातली वीज पुन्हा जागेवर येते, याची वीज यायला जरा उशीर लावते. एरवी काही होत नाही. पाण्यात, पळताना किंवा एकदम दचकल्यावर मात्र ती घडी विसकटू शकते, आणि मग माणूस हाक मारत नाही. ते घराण्यातून आलेलं आहे. रोज गोळ्या घ्यायच्या. पोहणं बंद, शर्यती बंद.

मुलीने माझी माफी वगैरे मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. एका रविवारी सँट्रीला आली, ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडायला लागली आणि देठांकडे बघत मराठीत म्हणाली, “तो झोपला की मी ऐकत बसते.” किती वर्षांनी ती माझ्याशी एक पूर्ण वाक्य मराठीत बोलली. ते हे असेल असं मला वाटलं नव्हतं. इट्स ग्रँड, असं मला म्हणता येईना. लग्न ठरलं तसंच होणार आहे. नातवंडांचा विचार मी करत नाही, म्हणजे दिवसभर करते.

निदान सांगितलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्या कातड्याच्या पट्ट्याचं आदरपूर्वक कौतुक केलं आणि मग एका कोऱ्या कागदावर स्वतःची वंशावळ काढायला घेतली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. बिशप, न्यायाधीश, सेनापती, सगळे सारखे चौकोन. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की यातले गोल कुठे आहेत. आत्याबाईंना प्रश्न कळला नाही. त्यांच्या वंशावळीत मुलगी जन्मते, तिचं लग्न होतं आणि तिथे फांदी कात्रीने कापल्यासारखी संपते. आमच्यातही तसंच, मुली एका ओळीत उरकतात आणि पुढे कोणी विचारत नाही. पण हा आजार मुलींमधूनही तेवढाच उतरतो. आत्याबाईंचंही रक्त तपासलं. त्यांच्यातही निघालं. लहानपणी त्या दोनदा घोड्यावर बेशुद्ध झाल्या होत्या, आणि मुलगी नाजूक आहे म्हणून त्यांचं घोड्यावर बसणं बंद केलं होतं. त्यामुळेच त्या वाचल्या असाव्यात.

म्हणजे प्रत्येक पिढीतल्या बहिणी, त्यांची मुलं, त्यांची नातवंडं. दुसऱ्या आडनावांनी, दुसऱ्या गावांत, संमेलनाचं बोलावणं कधीच न गेलेली. आत्याबाईंना त्यातले बरेच ठाऊक होते, नाताळच्या शुभेच्छांपुरते. डॉक्टरीणबाईंनी पत्रं लिहायचं कबूल केलं होतं, पण आत्याबाई म्हणाल्या की घरचं मरण आपण स्वतः सांगायचं असतं. पहिला फोन करताना शेजारी बसाल का, असं त्यांनी मला विचारलं.

मी गेले. दुपार होती. जिन्याखाली त्यांनी दोन खुर्च्या टाकल्या होत्या. फोन स्पीकरवर ठेवला. कॉर्कला एक बाई, आत्याबाईंच्या आत्याची नात. तिला ओळख पटायला वेळ लागला. तुझी आजी आणि माझे वडील सख्खी भावंडं, असं आत्याबाईंनी पुन्हा सांगितलं. बाई आनंदली, किती वर्षांनी, कशा आहात, घर अजून उभं आहे का? आत्याबाईंनी विचारलं की आत्ता तुला बोलायला सवड आहे का.

आहे की, ती म्हणाली. गाडीतच बसलेय, धाकटीचा पोहण्याचा क्लास सुटायची वाट बघत.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. कधी आला ते मला कळलं नव्हतं.

“ऐक,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. “तिला बाहेर काढ. का ते मी नंतर सांगते. फोन बंद करू नकोस. आता जा.”

पलीकडे गाडीचं दार. पळणारी पावलं, खडीवर, मग फरशीवर. कोणीतरी तिला अडवत होतं, ती थांबली नाही. एक काचेचं दार असावं, कारण एकदम आवाज पोकळ झाला. पाण्याचे सपकारे, शिट्टी, खूप मुलांचा गलका. त्या गलक्यात ती मुलीला हाका मारत होती. एकदा. परत. उत्तर येत नव्हतं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मी स्पीकरच्या जाळीकडे बघत होते, जणू तिथून दिसणार होतं.

मग अगदी जवळून एक चिडका, ओला आवाज आला. अजून तिची एक फेरी राहिली होती, आणि आई सगळ्यांसमोर असं का करतेय?

“आहे,” बाई धापा टाकत म्हणाली. “आहे माझ्याजवळ. काय झालंय?”

“टॉवेल गुंडाळ तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि कुठेतरी बस. मी सांगते. जरा वेळ लागेल.”